ज्या बोलण्यावर तुम्ही हसलात

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा तिचा हात हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी काय केलं असेल? तिला हसवलं. मला दुसरं येतंय काय? घशाशी काही आलं की मी त्याची गंमत करून टाकतो. आज तसं करायचं नाही असं ठरवून बसलोय, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. मध्येच थट्टामस्करी करायला लागलो तर समजा, म्हातारा घाबरलाय.

तुम्ही मला ओळखता. चेहरा विसरला असाल, आवाज नाही विसरणार. टीव्ही काळा-पांढरा होता, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बघावा लागायचा, तेव्हा त्यावर एक नाना यायचे. डोक्याला टोपी, अंगात मळका कोट, आणि तोंड असं एका बाजूला गेलेलं. शब्द ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून कसाबसा बाहेर पडायचा, ‘स’ म्हणताना ओला व्हायचा, आणि वाक्य संपलं की लाळ आत ओढल्याचा बारीक आवाज. “ऐका तर खरं!” एवढंच म्हणायचे नाना, आणि घरोघरी माणसं हसून लोळायची. तो नाना मी.

त्या बोलण्यावर माझं घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. दादरच्या भाजीवाल्या मला बघून तोंड वाकडं करायच्या आणि कोथिंबीर फुकट द्यायच्या. मुलाखत घेणारा हमखास विचारायचा — हे बोलणं तुम्हाला सुचलं कुठून? एकाला मी सांगितलं, गावाकडचे एक चुलते तसे बोलायचे. दुसऱ्याला सांगितलं, दात काढायला गेलो होतो, तिथे सुचलं. थापा मारताना माणसाने निदान एकच थाप धरून ठेवावी, तेवढंही मला जमलं नाही. मुलाखत छापून आली की चार-आठ दिवस दाराची कडी वाजली तरी मी आधी खिडकीतून बघायचो. कोणी आलं असेल का? कोणी म्हणेल का, की अहो, हे तर —

हे तर भागोजीचं बोलणं. भागोजी धोंडू शिगवण. घ्या, लिहिलं एकदाचं नाव.

आम्ही डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, मध्ये तीन खोल्या. गावही एकच, गुहागरकडचं. गिरणीत तो सूतखात्यात कायम, मी बदली कामगार — काम मिळालं तर मिळालं, नाहीतर गॅलरीत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करायच्या. माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी मोठा, पण आमचं अरे-तुरेच. आणि शिमग्याला तो संकासूर व्हायचा.

संकासूर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंड झाकणारा काळा मुखवटा, त्याला पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोरखंडाचा कोरडा. आमच्या खेळांतला तो विदूषक — आणि देवाचं सोंगही. तो कोणालाही फटका मारू शकतो, कोणाचीही टर उडवू शकतो. पण सोंग कोणी घ्यायचं याचा मान ठरलेला असतो. आमच्या गावात तो शिगवणांच्या घराचा. आणि दुसरा नियम असा, की सोंग अंगावर असताना आतल्या माणसाचं नाव कोणी घ्यायचं नाही, आणि उतरल्यावर त्याला कोणी विचारायचं नाही. सख्ख्या आईनेसुद्धा नाही.

मला तो मान हवा होता. खरं सांगायचं तर मान नको होता, हशा हवा होता. भागोजी नुसती मान वळवायचा आणि अख्खं पटांगण हसायचं. मी मात्र गॅलरीतला नकलाकार. माझा जीव जळायचा.

त्या वर्षी शिमगा संपला तरी खेळ थांबले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राचं वारं गिरणगावात असं भरलं होतं की आमच्या वडीलधाऱ्यांनी संकासुरालाच चळवळीत उतरवला. गोष्ट सोपी — मंत्री खुर्चीवर बसून मुंबई द्यायची नाही म्हणतो, आणि संकासूर त्याला कोरड्याने नाचवतो. आज या चाळीत, उद्या त्या चाळीत. गोळीबारात माणसं मेली होती, घराघरात राग धुमसत होता, आणि त्या रागाला हसायला एक जागा मिळाली होती.

एका दिवशी आमच्याच चाळीच्या पटांगणात खेळ होता. दुपारी भागोजीच्या बायकोच्या, पार्वतीच्या, पोटात कळा सुरू झाल्या आणि तो तिला घेऊन शीवला इस्पितळात निघाला. मी जिन्यात त्याला गाठला. म्हटलं, सोंग मला दे. आपला बांधा सारखा आहे, वाऱ्यालासुद्धा कळणार नाही. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, खेळ मोडला तर चळवळीचं नाक कापलं जाईल. बघा, कसली मोठी कारणं तोंडात येतात माणसाच्या! वरून पार्वती कण्हत होती. भागोजीने पेटीची किल्ली माझ्या हातात टाकली आणि एवढंच म्हणाला, “कुनाला कळला तर गाववाले माला वाळीत टाकतील. संबाळून.”

मी सांभाळलं नाही.

तुम्हाला माहीत आहे का, पहिला खरा हशा अंगावर येतो तेव्हा काय होतं? माणूस बहिरा होतो. मंत्र्याला फटके मारून झाले, ठरलेला खेळ संपत आला, आणि मला तो संपवायचा नव्हता. पटांगणाच्या कडेला बंदोबस्ताचा हवालदार उभा होता. तोही आमच्याच तालुक्याचा, कोकणीच, आणि बिचारा आमच्याबरोबर हसत होता. मी नाचत नाचत गेलो, त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली, माझ्या निमुळत्या टोपीवर चढवली आणि लेफ्ट-राईट करत पटांगणभर फिरलो. लोक वेडे झाले. मग मी कोरडा उगारून त्याला सलाम ठोकायला लावला. तिथे थांबायला हवं होतं, त्याआधीच थांबायला हवं होतं. गर्दी त्याच्याभोवती दाटली, कोणीतरी दगड मारला, हवालदाराच्या कपाळातून रक्त आलं. शिट्ट्या वाजल्या, गाडी आली, लाठ्या सुरू झाल्या.

मी पळालो. मागच्या संडासात शिरून कडी लावली आणि देवाचं सोंग तिथे उतरवलं. बाहेर बायका-पोरं ओरडत होती. गर्दी पांगल्यावर साधा सदरा घालून मी बाहेर आलो आणि इतरांसारखाच विचारायला लागलो — काय झालं हो, काय झालं?

दुसऱ्या दिवशी भागोजी शीवहून परतला. मुलगी झाली होती. वाटेत त्याने साखर घेतली होती, आणि गॅलरीत दारोदार हातावर ठेवत चालला होता. माझ्याही हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि त्याच वेळी जिन्यावर बूट वाजले. तो हवालदार, कपाळाला पट्टी, बरोबर आणखी तिघे. त्यांनी कोणाला विचारलंसुद्धा नाही. विचारायचं कशाला? त्या गावचा संकासूर म्हणजे शिगवण, हे तालुक्यातलं शेंबडं पोर सांगेल. शिगवणांखेरीज दुसऱ्या कोणाच्या अंगावर ते सोंग असेल, हे त्या हवालदाराच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. दुसऱ्या मुलखातला पोलीस असता तर चौकशी तरी केली असती. चाळीलाही वाटलं होतं, खेळापुरता तो शीवहून येऊन गेला असणार.

भागोजीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. तो बघत होता की हा आता बोलेल. माझ्या तोंडात साखर होती. मी ती गिळली. मग तो म्हणाला, “शीवला जाऊन ये. तिला सांग, माला उशीर व्हयल.”

तुम्ही म्हणाल, घाबरलास, वय लहान होतं, पोलिसांचे दिवस तसले होते. इथपर्यंत मीही स्वतःला तेच सांगत आलोय. पण अजून मी सांगायचं ते सांगितलेलंच नाही. मघापासून त्याच्याभोवती फेऱ्या मारतोय.

मी शीवला गेलो. पार्वती खाटेवर होती, पोर कुशीत. मी सांगितलं, धरून नेलं. ती उठून बसली. “पन काल सांजच्याला ते हितंच व्हते माझ्यापाशी! नर्सबाईंनी बगलाय, डाक्टरनी बगलाय. मी सांगतंय ना येऊन!” सोपं होतं हो. ती एक बाई आणि ती नर्स चौकीवर जाऊन उभ्या राहिल्या असत्या तर भागोजी संध्याकाळी घरी आला असता. आणि मग पोलिसांनी विचारलं असतं, तर मग सोंगात होतं कोण?

मी तिच्या खाटेच्या कडेवर बसलो. हळू आवाजात, अगदी मोठ्या भावासारखं, समजावलं. म्हटलं, वहिनी, तू मध्ये पडू नकोस. चळवळीची प्रकरणं वाईट, तुलाही पोरीसकट कोर्टात खेचतील. खोटी साक्ष म्हणतील. आपल्या माणसांनी वकील बघितलाय, उद्या-परवा सुटेल. वकील कोणी बघितला नव्हता. तिने विचारलं, “मग सोंग कुनी घेतलान?” मी म्हटलं, कोणास ठाऊक. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. घरचा माणूस म्हणून ठेवला. जाताना मी पोरीच्या मुठीत चार आणे ठेवले.

हे ते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वठलेला अभिनय, आणि प्रेक्षक एक बाळंतीण.

तो सुटायला पावसाळा उलटला. पहिल्याच दिवसांत चौकीत त्याच्या तोंडावर काठी बसली होती. जबडा मोडला, आणि वेळेवर नीट बसवला गेला नाही. तो जिना चढून आला तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला होतं. बोलायला लागला आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. नंतर गॅलरीच्या टोकाला तो माझ्याजवळ आला. मी विचारलं — मला विचारायला तरी तोंड कसं झालं कोण जाणे — तू माझं नाव का नाही घेतलंस? तो तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला, “सोंगातल्या मानसाचा नाव घेयचा नसता.” बस. त्याने मला क्षमा केली होती का? मला माहीत नाही. तो नियम पाळत होता, आणि मी त्या नियमाखाली दडून राहिलो. पुढच्या शिमग्याला त्याला बोलता येणार नव्हतं, शिगवणांच्या घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून वडीलधाऱ्यांनी सोंग मला दिलं. पेटीची किल्ली पुन्हा माझ्याकडे आली. मी घेतली.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला! त्या दिवसाचं काय वर्णन करू — लालबाग-परळ उजळून निघालं होतं, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या चाळीने तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार ठेवला. भागोजीला हार घातला आणि कोणीतरी ओरडलं, दोन शब्द बोला! तो नको नको म्हणत होता. शेवटी उभा राहिला आणि बोलू लागला. पुढच्या रांगा गप्प होत्या. त्या जाणत होत्या. पण मागे बाहेरच्या चाळींतून आलेली पोरं होती, त्यांना काय ठाऊक? त्याचा ‘संयुक्त’ ओला झाला आणि ती फिस्सकन हसली. मग तो म्हणाला, “ऐका तर खरं!” आणि अर्धं पटांगण हसलं. त्याने हात जोडले आणि खाली बसला.

आणि मी? माझी मान शरमेने खाली गेली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? मी ऐकत होतो, हशा नेमका कुठल्या शब्दावर पडला. कानाने टिपून ठेवला. खोलीत गेल्यावर दार लावून, आरशासमोर, तोंड वाकडं करून बघितलं.

पुढची वर्षं मी ते बाहेर काढलं नाही. कामगार नाटकं केली, मग धंदेवाईक नाटकांत नोकर-चाकर झालो, गिरगावच्या थिएटरात टाळ्या मिळायला लागल्या, चाळ सोडली. वरळीला टीव्हीचा मनोरा उभा राहिला तेव्हा एका विनोदी कार्यक्रमात बोलावणं आलं. तालमीत नाना काही केल्या रंगेना. निर्माता घड्याळ बघायला लागला. मला धडकी भरली, हे काम आता गेलं. आणि माझा जबडा आपोआप बाजूला सरकला.

चाळीच्या मंडळाने टीव्ही घेतला होता. नाना पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळी चाळ तिथे बसली होती, भागोजीसुद्धा. मला हे नंतर कळलं, ओळखीच्या एकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं. सगळे वळून भागोजीकडे बघायला लागले म्हणे, “अहो, हा तर थेट तुमच्यासारखा बोलतोय!” तोही थोडं हसला. मी वाट बघत राहिलो. वर्षभर मी प्रत्येक प्रयोगाला पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांत त्याला शोधत होतो. तो कधीच आला नाही. येऊन शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. पण कार्यक्रम वाढत गेला, चाळीत नवी पोरं आली. त्यांना भागोजी आधी माहीत नव्हता, नाना आधी माहीत होता. ती त्याला म्हणायला लागली, “काय काका, टीव्हीतल्या नानाची नक्कल करता काय?” दुकानात गेला, गिरणीच्या गेटवर उभा राहिला, तोंड उघडलं की लोक हसायचे. पाव मागितला तरी हसायचे. त्याने हळूहळू बोलणं कमी केलं. मग बंदच केलं. शेवटची कितीतरी वर्षं तो घरातही खुणेनेच बोलायचा. हे मला ठाऊक होतं. तरी मी नाना थांबवला नाही. थांबवला असता तर लोकांनी विचारलं असतं, का?

तो गेल्याचं कळलं तेव्हा बाराव्याला मी गेलो. न जाणं जास्त संशयाचं दिसलं असतं — हो, तेव्हाही हाच विचार. पार्वती आधीच गेली होती. घरात मुलगी होती, शेवंती, तीच, शीवला झालेली. लग्न होऊन तिला दोन मुलं झाली होती. ती आत भाताचं बघत होती. मी गेल्याबरोबर गॅलरी भरली. टीव्हीवाला आला, टीव्हीवाला आला! मी खाली मान घालून फोटोसमोर बसलो. शेजारचे एक गृहस्थ माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, साहेब, घरात आठ-दहा दिवस नुसती रडारड चाललीय. जरा नाना करा की. लोकांचं मन हलकं होईल.

मी नाही म्हणू शकलो असतो. कोणीही समजून घेतलं असतं.

सगळे बघत होते. त्या बघण्याची मला सवय आहे, ते दिसलं की माझं मला भान राहत नाही. मी जबडा बाजूला सरकवला आणि म्हटलं, “ऐका तर खरं!” लोक हसले. भागोजीच्या खोलीत, त्याच्या फोटोसमोर.

आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. शेवंती धावत बाहेर आली. हाताला भाताची शितं लागलेली, चेहरा पांढराफटक. तिने दाराकडे बघितलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. ती हसली नाही. तिने बापाचा सरळ जबडा कधी बघितलाच नव्हता. तिला त्याचा तोच आवाज माहीत होता — आणि तोही तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

ती माझ्यापुढे खाली बसली आणि म्हणाली, “काका, परत एकदा बोला.”

मी तिच्या बापाच्या आवाजात काहीही सांगू शकलो असतो. त्याने कधीच न सांगितलेलं, सोंगात कोण होतं ते, सांगू शकलो असतो. मी नानाचं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती.